दवाखान्याची गाडी थोड्याच वेळात

४ जानेवारी

पिंजरा मिळाला! मला!

चौकशीच्या खिडकीला लागून काचेची खोली आहे, माईकची. बसस्टँडवर सगळे तिला पिंजरा म्हणतात. तिथले आजोबा डिसेंबरात निवृत्त झाले. आज सकाळी मी वॉशिंगला गाडी धूत होतो, ड्रायव्हरकाकांनी न बघता मागे घेतली, मी बोंबललो — “काका, पाय जाईल ना माझा!” साहेब पार दुसऱ्या टोकाला चहा पीत उभे होते. साहेब म्हणजे आमचे वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कधी कुठे जाणार ते हेच ठरवतात. मला बोलावून घेतलं. म्हणाले, “चहा सांडला की रे माझा! असला आवाज बादलीत कशाला घालवतोस?”

दुपारी माईकसमोर बसवलं. बटण दाबायचं, वाक्य म्हणायचं, बटण सोडायचं. बस्स. हात कोरडे. ओल्या हातांची सवय झालेली, सारखे पँटला पुसतोय!

ताईला फोन केला. हसत सुटली. “सातवीतून पळालेला आता अख्ख्या गावाला हुकूम सोडणार!” मागून आई — कायम करणार का विचार त्याला आधी.

विचारतो गं. एक दिवस तरी बसू दे.

७ जानेवारी

बसणंच जमत नाही. आई म्हणायची तुझ्या पायाला भिंगरी आहे, ती खोटी नव्हती. हॉटेल सोडलं, सिमेंटचं गोदाम सोडलं, रंगकाम सोडलं. इथे काचेत आठ तास. पाय टेबलाखाली चालूच असतात. आज बटण सोडायला विसरलो आणि खुर्चीची कुरकुर सगळ्या फलाटांवर गेली. त्यावर मी “आयला ही खुर्ची” म्हणालो, तेही गेलं. एक बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, “तेल घाल रे तिला.”

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, आवाजावर लोकांचा विश्वास बसतो तुझ्या. जप.

ताईनं दिलेली ही वही आता कामी येतेय. ती देताना म्हणाली होती, डोक्यात वळवळेल ते हिच्यात ओत, माणसांवर ओतू नकोस.

११ जानेवारी

आज शिकलो एक गोष्ट.

संध्याकाळी सहाची एक गाडी आहे, डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्याची. त्या बाजूची शेवटची. ती आलीच नाही. ड्रायव्हरकाका सांगून गेले, “ती गेली कारखान्याच्या लोकांना सहलीला घेऊन. आज नाही ती.” मी बटण दाबलं. “सहा वाजताची दवाखान्याची गाडी रद्द —”

साहेबांचा हात माईकवर! धावत आले होते. धाप लागलेली.

“तो शब्द या खोलीत म्हणायचा नाही.”

“कुठला?”

“तोच.”

मग खुर्ची ओढून समजावलं. चिडून नाही, मास्तर समजावतात तसं. फेरी रद्द केली असं लिहिलं की वरून पत्र येतं, का केली, कुणी केली, जबाबदार कोण. फेरी आहे पण प्रवासीच नाहीत असं लिहिलं की कुणी विचारत नाही. आणि लोकांना एकदम सांगितलं तर सगळे एकदम उठतात, एकदम खिडकीवर येतात. थोड्याच वेळात येतेय म्हटलं की एकेक जण कंटाळतो. एकेक जण उठतो. एकटा माणूस भांडत नाही रे, निघून जातो. तासाभरात फलाट रिकामा. मग प्रवासी नाहीत हे खोटं कुठे राहिलं?

मी म्हटलं, भारी डोकं आहे साहेब.

खरंच म्हणालो तसं. लिहिताना आता कसंतरी वाटतंय.

मग सात वाजेपर्यंत म्हणत राहिलो — डोंगरापलीकडे दवाखान्याकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक पाचवर लागत आहे. आणि खरंच! एकेक उठत गेला. बाहेर जीपवाले उभेच असतात.

१२ जानेवारी

एक जण उठला नव्हता. काल लिहायचं राहिलं.

१६ जानेवारी

पाचच्या टोकाच्या बाकावरचा तो माणूस घड्याळजी आहे. बाजारात जिन्याखाली त्यांचं दुकान — दुकान कसलं, कपाट! आज खिडकीशी आले, पिंजऱ्यातल्या भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाले, “हे पुढे आहे.” मी म्हटलं, आमच्या स्टँडवर एक तरी गोष्ट पुढे असू द्या की काका. इतके हसले की खोकला आला.

मागच्या दारानं आत घेतलं. उघडून नीट करून दिलं. पैसे नकोत म्हणाले, चहा पाज. चहा पिताना सगळं सांगितलं. बायको दवाखान्यात, दोन महिने झाले, पोटाचं काहीतरी. दिवसभर दुकान, सहाच्या गाडीनं वर, तिच्याशी बोलणं, रात्री ओसरीत अंग टाकायचं, सकाळच्या गाडीनं खाली. जीप डोंगराच्या पायथ्यापर्यंतच जाते. बाकीच्यांचं भागतं तिच्यावर, यांचं नाही.

“गाडी आली नाही की ती म्हणते, दुसरी केलीत वाटतं. या वयात!”

जाताना म्हणाले, “आधीचे आजोबा बोलायचे ना, त्यांचं खरं वाटायचं नाही. तुझं वाटतं. तू म्हणालास येतेय की मी निवांत बसतो.”

मी कप विसळला.

२० जानेवारी

गाडी आली. वेळेवर. घड्याळजींनी खिडकीतून हात केला. उगाचच मलाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

२३ जानेवारी

साहेबांना विचारलं — कायमचं काय? म्हणाले, एप्रिलला नावं जातात, तुझं वर ठेवलंय. आईला लगेच फोन. ती रडली. ताई म्हणाली, आता दर आठवड्याला नोकरी सोडायची धमकी देऊ नकोस. मी कुठे देतो?

देतो. पण मनात.

३० जानेवारी

डोकं ठिकाणावर नाही.

काल सहाची गाडी नव्हती. साखरपुड्याच्या मंडळींना दिली होती, जास्त पैसे मिळतात त्यात. मी नेहमीचं वाक्य म्हणायला लागलो. घड्याळजी खिडकीशी आले. कधी येत नाहीत तसे, अगदी काचेला नाक लावून. “येणार ना रे नक्की? उद्या सकाळी ऑपरेशन आहे तिचं. सही माझीच लागते.”

साहेब माझ्या पाठीमागेच उभे होते. फायली चाळत.

मी म्हणालो, “येतेय काका. थोड्याच वेळात.”

ते जाऊन बसले. त्यांनी तिथून नर्सबाईंना फोन लावून बायकोला सांगितलं — निघतोय, गाडी लागतेच आहे. मला काचेतून दिसत होतं, हसत होते बोलताना.

आज दुपारी आले. ऑपरेशन झालं नाही. सही नाही म्हणून तिचा नंबर गेला, दुसऱ्याला आत घेतलं. आता तारीख दोन मार्च. तोवर दुखणं तसंच.

भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “साडेसहाला डेअरीच्या फाटकातून दुधाचा टँकर जातो वर. ड्रायव्हर ओळखीचा आहे, घेतो. सहालाच नाही म्हणाला असतास तर तो मिळाला असता मला.”

मी काय केलं? “वरून तसं सांगितलं होतं” म्हणालो. वर म्हणजे कुठे, तर माझ्या पाठीमागे दोन फुटांवर.

पुढे म्हणाले, “ती फोनवर म्हणाली, नाही आलात त्याचं काही नाही. पण भोंग्यातल्या त्या मेल्याला एकदा माझ्यासमोर उभा करा.”

३१ जानेवारी

जेवण गेलं नाही. खोलीत माझ्याबरोबर राहतो तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आम्ही लिफ्ट बंद पडली की बोर्ड लावतो — बंद आहे. लोक शिव्या देतात आणि जिना चढतात. पण चढतात ना!”

झोप म्हणालो त्याला. झोपला. मी नाही.

५ फेब्रुवारी

मोठ्या कार्यालयातून यंत्रवाला आला. आता म्हणे सगळं आपोआप होणार, कॉम्प्युटर बोलणार — माझ्या आवाजात! दिवसभर बसवून एकेक तुकडा वदवून घेतला. एक. दोन. तीन. गावांची नावं. “लागत आहे.” “सुटत आहे.” “थोड्याच वेळात.” मधे मधे पाणी पी म्हणायचा. माझे कान लाल झाले कौतुकानं.

त्याच्याकडच्या वाक्यांत “रद्द करण्यात आली आहे” हेही होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब म्हणाले, “ते नको. आमच्या स्टँडला लागत नाही.” यंत्रवाल्यानं खांदे उडवले. त्याला काय.

ताई म्हणते, म्हणजे तू मेल्यावरसुद्धा बोलत राहणार! हसली. मी पण हसलो. मग फोन ठेवल्यावर नाही हसलो.

११ फेब्रुवारी

घड्याळजींनी कार्यालयाकडे माहिती मागितली. दवाखान्याची गाडी या हिवाळ्यात किती वेळा गेली नाही, एवढाच प्रश्न. उत्तर आलं. ते घेऊन खिडकीशी आले आणि मलाच वाचायला दिलं. अडखळत वाचलं. एकही फेरी रद्द नाही. काही फेऱ्या प्रवासी उपलब्ध नसल्याने सोडल्या नाहीत.

“मी होतो ना रे बाकावर?”

होता.

“मग मी काय होतो? पोतं?”

१७ फेब्रुवारी

सुनावणी. नवीन काढलंय वरून, प्रवाशांनी यायचं, अधिकाऱ्यांना समोर विचारायचं. भांडार खोलीत खुर्च्या मांडल्या. टायरचा वास. मोठ्या कार्यालयातल्या एक बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला. प्रवासी फार नव्हते. घड्याळजी पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट.

ते उभे राहिले. लांबण नाही लावली. “मी बाकावर होतो. कागद म्हणतो प्रवासी नव्हते.”

साहेब म्हणाले, “मॅडम, प्रवासी म्हणजे ज्याच्याकडे तिकीट आहे तो. यांच्याकडे तिकीट नव्हतं.”

बाई म्हणाल्या, “तिकीट कुठे मिळतं?”

“गाडीत. कंडक्टर देतो.”

“आणि गाडी कुठे होती?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ड्रायव्हरकाका छताकडे बघायला लागले. साहेबांचे कान लाल. मला वाटलं, झालं! संपलं! आता सगळं बाहेर!

मग बाई माझ्याकडे वळल्या. “माईकवर तुम्ही होतात ना? फलाटावर माणूस होता की नव्हता? आणि येतेय असं सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेन उघडत-मिटत होते. टक. टक.

मी म्हणालो, “काचेतून पाच नंबरचं टोक नीट दिसत नाही, मॅडम.”

हे मी म्हणालो. आईच्या डोळ्यांसमोर एप्रिल होता आणि माझ्या तोंडून हे गेलं. ज्या आवाजावर लोकांचा विश्वास बसतो त्याच आवाजात. घड्याळजींनी वळून बघितलं. रागानं बघितलं असतं तर चाललं असतं. घड्याळ उघडल्यावर आत बघतात ना, कुठे अडलंय, तसं बघितलं.

१८ फेब्रुवारी

काही नाही. पाय चालूच.

२४ फेब्रुवारी

सुनावणीचा निकाल लागला. घोषणा करणाऱ्या माणसाच्या चुकीमुळे प्रवाशांचा गैरसमज झाला. म्हणून इथून पुढे माणूस नाही, यंत्र. कारभार पारदर्शक व्हावा म्हणून. खाली सही, शिक्का, सगळं.

म्हणजे जबाबदार सापडला! मी!

साहेबांनी पाठ थोपटली. “मनाला लावून घेऊ नकोस. कुणाच्या तरी डोक्यावर जायचंच होतं, तुझं वय लहान आहे, सोसेल. एप्रिलचं नाव आहे तसंच ठेवलंय.” आणि बादली परत हातात.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, “तू बघितलं होतंस ना त्या काकांना?” हो म्हटलं. “मग?”

मग काय? मग काय गं?

२६ फेब्रुवारी

वॉशिंगला उभा होतो, हातात पाइप. आणि स्टँडवरून माझा आवाज आला. “फलाट क्रमांक पाचवर. थोड्याच वेळात. लागत आहे.” मधे मधे तुटतो, जोडलेला आहे ना. पण माझाच. ड्रायव्हरकाका म्हणाले, “इथे पण तू, तिथे पण तू. पगार एकच!”

पिंजरा रिकामा, दिवा चालू. बाहेरून काचेवर दिव्याचा उजेड पडतो, आत माणूस आहे की नाही कळत नाही. एक म्हातारी खिडकीला तोंड लावून विचारत होती — “बाळा, नक्की येणार ना?” आणि भोंगा म्हणाला, थोड्याच वेळात. ती समाधानानं गेली.

२ मार्च, सकाळ

दवाखान्याच्या ओसरीत बसून लिहितोय. वही खिशात होती म्हणून. बाकी काही आणलं नाही. पायात चप्पलसुद्धा नाही.

काल दुपारी साहेबांनी सांगितलं, दवाखान्याची गाडी आधी धू, नीट धू, काचा पण. मी धुतली. मग दोन पोरं आली आणि पुढच्या काचेला कारखान्याचं कापड बांधायला लागली, सहलीचं. मी म्हटलं आज कुठे? सहाला निघतोय आम्ही, म्हणाली.

एक मार्च. उद्या दोन.

पाइप सोडला, तसाच चालू. धावलो. फलाट पाच भरलेला होता, टोकाच्या बाकावर घड्याळजी, इस्त्रीचा तोच शर्ट, मांडीवर पिशवी. वर भोंग्यात मी — थोड्याच वेळात लागत आहे.

मी म्हटलं, “काका उठा, टँकर पकडा, गाडी येत नाही.” हळू म्हणायचं होतं. पण माझा आवाज हळू कधी निघालाय? सगळ्यांनी ऐकलं. एक जण म्हणाला, “अरे, आत्ता तर म्हणाला येतेय.” वरून पुन्हा, येतेय. मी म्हणालो, येत नाही! वरून, थोड्याच वेळात. मी, नाही! रद्द आहे! रद्द! लोक भोंग्याकडे बघतायत, मग माझ्याकडे, मग परत भोंग्याकडे. एक बाई — तीच, खुर्चीला तेल घाल म्हणालेली — म्हणाली, “दोन्हीकडे हाच बोलतोय! कुणाचं ऐकायचं?”

घड्याळजी उठले. मला वाटलं टँकरकडे निघाले. नाही. विचारलं, “गाडी आहे का?”

“आहे. धुतलीय. सहलीला निघालीय.”

“मग टँकर कशाला? तीच.”

आणि सगळे उठले. एकेक नाही. एकदम. साहेबांची खिडकी बंद होती, तिच्यावर थापा पडल्या. कुणी विचारलं, कोण जबाबदार? दुसरा म्हणाला, नाव सांगा. मला मागे राहायचं होतं, कुणीतरी पुढे ढकललं. साहेब बाहेर आले, मला बघितलं, ओले पाय बघितले. म्हणाले, “तू? एप्रिलला काय राहिलं होतं रे?” फार हळू म्हणाले. मी म्हणालो, “यांना सांगा ना साहेब. मला नका सांगू. यांना सांगा.”

भोंगा वर चालूच होता म्हणे. खिडकीपाशी कुणाला ऐकूच आला नाही.

गाडी लागली. काचेवरचं कापड तसंच, सहलीची पोरं फलाटावर शिट्ट्या मारत उभी. ड्रायव्हरकाका गालात हसत होते. मी दाराशी थांबलो, तर घड्याळजींनी हाताला धरून आत ओढलं. “तुला यायलाच पाहिजे. तिनं बोलावलंय.”

त्यांनी इथे पोचताच सही केली. मावशी, म्हणजे त्यांच्या बायको, खाटेवर उठून बसल्या. एवढ्याशा आहेत. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “हा? भोंग्यात मोठा वाटायचा.”

मी मान खाली घातली. शिव्या द्याल असं वाटलं होतं म्हणालो. “देणार आहे,” म्हणाल्या, “आधी बरी होऊ दे.”

ताईला फोन करायचाय. आईला काय सांगू?

२ मार्च, नंतर

आत न्यायला आले. घड्याळजी कागदांना गेले होते. मावशींनी माझं मनगट धरलं. हात गार. म्हणाल्या, “काय रे आवाजवाल्या, मी येईन ना बाहेर?”

थोड्याच वेळात, एवढं तोंडापर्यंत आलं होतं.

“ठाऊक नाही, मावशी.”

बघत राहिल्या. मग हात सोडला. “बरं. हलू नकोस मग इथून.”

बसलोय. पाय हलत नाहीत.